ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये पारंपरिक धनुष्याने रानडुकरांची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम क्वीन्सलँडच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे विरळ वस्तीच्या आतल्या भागात, मी लाँगबो (लांब, साधं धनुष्य) घेऊन डुकरांच्या मागावर जातो हे कळलं, की मराठी मंडळींकडून ठरावीक प्रश्न सुरू होतात. ब्रिस्बेनमधले मित्र विचारतात, पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, आणि कोकणातले नातेवाईक तर हमखास विचारतात, कारण भातशेतीत डुकरांनी घातलेला धुमाकूळ त्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय. ती सगळी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या शिकारीत सावजाच्या जवळ जाणं हेच सगळं काम असतं, आणि जवळ जाऊनही बहुतेक वेळा बाण भात्यातच राहतो. हे ज्याला मान्य नाही त्याने धनुष्य घेऊन डुकराच्या मागे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची उत्तरं त्याच मताने लिहिली आहेत.

ऑस्ट्रेलियात रानडुकरं आली कुठून?

१७८८ साली ब्रिटिशांची पहिली जहाजं सिडनीला लागली तेव्हा त्यांच्यावर पाळीव डुकरं होती. पुढे वसाहती पसरत गेल्या तशी काही डुकरं सुटली, काही मोकाट सोडली गेली आणि नदीनाल्यांच्या कडेने रानात शिरली. आज या खंडाच्या जवळजवळ ४५ टक्के भागात ती आढळतात. सर्वांत जास्त क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि नॉर्दर्न टेरिटरीत.

म्हणजे सह्याद्रीतलं रानडुक्कर आणि हे डुक्कर शास्त्रीय नावाने एकाच जातीचं असलं, तरी आपलं मूळचं रानातलं आहे आणि हे पाळीव डुकराचं रानटी झालेलं वंशज. काही पिढ्या रानात गेल्या की अंगलट बदलते: खांदे भारी, मागचा भाग अरुंद, नाकाड लांब, अंगावर राठ केस. बहुतेक काळी असतात, पण तांबूस आणि ठिपकेदारही दिसतात. पूर्ण वाढलेला नर साधारण ८० ते १०० किलोंचा, मादी ५० ते ६० किलोंची. त्याहून मोठे नर असतात, पण फोटोत दिसतात तितके सर्रास भेटत नाहीत.

त्यांना मारायचंच कशाला?

कारण इथल्या निसर्गाकडे त्यांना आवरायला फारसं काही नाही. डिंगो (इथले रानकुत्रे) पिल्लं उचलतात, उत्तरेकडे मगरी काही खातात, तेवढंच. डुकरीण सहा ते आठ महिन्यांत माजावर येते, गाभणकाळ चार महिन्यांहूनही कमी, आणि चारापाणी भरपूर असेल तर साधारण वर्षभरात दोन वेत होतात.

नुकसान डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न उरत नाही. पाणथळीच्या कडेला लव्हाळ्यांच्या गाठींसाठी त्यांनी उकरलेली जमीन एकरच्या एकर उलथून पडलेली असते. पाणी गढूळ होतं, पक्ष्यांची घरटी जातात, बेडूक आणि कासवं खाल्ली जातात. मेंढ्यांच्या भागात नुकती जन्मलेली कोकरं ती खातात. उत्तर क्वीन्सलँडमध्ये ऊस आणि केळीची नासाडी करतात. केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी उकरून अंडी फस्त करतात, आणि तिथले मूलनिवासी रेंजर ती घरटी वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं राबत आहेत. शिवाय रोग आहेतच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर किंवा लाळ्या-खुरकत या देशात शिरलं, तर रानडुकरं ते किती लांब नेतील ही इथल्या पशुपालकांची मोठी धास्ती आहे.

मग धनुष्यबाणाने त्यांची संख्या कमी होते का?

नाही. एखाद्या भागातली संख्या वाढू द्यायची नसेल तर दर वर्षी सुमारे ७० टक्के डुकरं काढावी लागतात, असं इथलं सर्वसाधारण गणित आहे. ते काम सापळे, विषारी आमिषं आणि हेलिकॉप्टरमधून केलेला गोळीबार यांचं. तेही शेजारच्या दहा जणांनी एकत्र केलं तरच टिकतं. धनुष्यवाल्याने एखादं डुक्कर टिपलं तर त्या पाणवठ्यापुरता, त्या आठवड्यापुरता थोडा फरक पडतो. “आम्ही पर्यावरण वाचवतो” अशी भाषा काही शिकारी करतात, ती मला पटत नाही. मालकाला डुकरं नको आहेत, मला मांस हवं आहे आणि शिकारीची ओढ आहे. त्यासाठी जनावराला कमीत कमी त्रास देणं ही माझी जबाबदारी आहे.

पारंपरिक धनुष्य म्हणजे नेमकं कोणतं?

लाँगबो, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), किंवा एकाच लाकडातून कोरलेलं सेल्फबो. चाकं नाहीत, नेम धरायची पिन नाही, बाण सोडायचं यंत्र नाही. दोरी बोटांनी ओढायची आणि बोटांनीच सोडायची.

कंपाउंड धनुष्याशी तुलना केली की फरक कळतो. कंपाउंड पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा भार बराच उतरतो, त्यामुळे शिकारी क्षणभर थांबून नेम साधू शकतो. लाँगबोला तशी सवलत नाही. ५० पाउंडाचं धनुष्य म्हणजे पूर्ण ओढीला जवळपास २३ किलोंचा ताण, आणि तो बाण सुटेपर्यंत बोटांवरच. म्हणून ओढायला सुरुवात करण्याआधीच सगळं ठरलेलं असावं लागतं: डुक्कर कसं उभं आहे, मागे काय आहे, बाण नेमका कुठे जाणार आहे.

इथल्या मूलनिवासींची धनुष्यं का वापरत नाहीत?

कारण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर मूलनिवासी लोक धनुष्य वापरत नव्हते. त्यांच्याकडे भाले होते, भाला फेकायची वूमेरा होती, बूमरँग होतं. धनुष्यबाण टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर होता. आज इथले शिकारी जे लाँगबो आणि रिकर्व्ह वापरतात ते इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेतून आलेले आहेत.

किती पाउंडाचं धनुष्य घ्यावं?

डुकरासाठी ४५ ते ५५ पाउंड पुरे. पण हा आकडा तुमच्या ओढीच्या लांबीवर मोजलेला हवा. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर प्रत्यक्षात चार-पाच पाउंड कमीच मिळतात.

झेपत नसलेलं जड धनुष्य घेण्याचा मोह फार जणांना होतो. थंडीत, गुडघ्यावर बसून, अर्धा तास दबा धरल्यावर जे धनुष्य न थरथरता पूर्ण ओढता येतं, तेवढंच तुमचं. ४५ पाउंडाचं धनुष्य, नीट जुळवलेला जड बाण आणि वस्तऱ्यासारखं धारदार पातं असेल, तर हलत्या हाताने ओढलेल्या ६० पाउंडांपेक्षा ते डुकराला लवकर संपवतं.

बाण आणि पातं कसं असावं?

इथे मी हात आखडता घेत नाही, कारण जनावर तडफडणार की पटकन जाणार हे बरंचसं इथेच ठरतं.

बाण जड हवा. धनुष्याच्या दर पाउंडामागे किमान १० ग्रेन हा जुना हिशेब चांगला आहे. म्हणजे ५० पाउंडाला ५०० ग्रेन, साधारण साडेबत्तीस ग्रॅम. मी त्याहून जड वापरतो. डॉ. एड ऍशबी यांनी दक्षिण आफ्रिकेत आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या रानटी म्हशींवर बाणाच्या शिरकावाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जाड हाड फोडायचं तर सुमारे ६५० ग्रेनचा बाण लागतो, हा त्यांचा निष्कर्ष पारंपरिक धनुष्यवाल्यांमध्ये आजही मानला जातो. बाण मोडता कामा नये, सरळ उडायला हवा, आणि वजन पुढच्या टोकाकडे जास्त हवं, हेही त्यांचंच सांगणं.

पातं दोन धारांचं, एकसंध, टोकापासूनच कापत जाणारं घ्या. लागल्यावर उघडणारी यांत्रिक पाती लाँगबोसाठी नकोत. ती उघडण्यातच ताकद वाया जाते. दुकानातून आणलेलं पातं क्वचितच पुरेसं धारदार असतं. कानशीने, मग दगडाने, शेवटी चामड्यावर घासून हातावरचे केस सहज निघतील इतकी धार आणा. भात्यात ये-जा करून धार जाते, म्हणून निघण्याआधी पुन्हा बघा.

आणि बाण धनुष्याशी जुळलेला हवा. फार मऊ किंवा फार ताठ कांडी असेल तर बाण वळवळत जातो आणि लागल्यावर आत न शिरता ताकद बाजूला फेकतो. पिसं न लावलेला बाण सोडून ही जुळणी तपासता येते. हे न करता शिकारीला निघणाऱ्याबद्दल मला आदर वाटत नाही.

किती अंतरावरून बाण सोडावा?

माझी मर्यादा १५ मीटर. पुष्कळ चांगले तिरंदाज २० मीटरपर्यंत जातात. सरावाच्या मैदानात तुम्ही ३० मीटरवर बाणांचा घोस लावत असाल, पण ते लक्ष्य हलत नाही आणि त्याला नाक नाही. लाँगबोचा बाण साधारण सेकंदाला ५० ते ५५ मीटर वेगाने जातो. २५ मीटरवर डुकराला एक पाऊल पुढे टाकायला तेवढा वेळ पुरतो, आणि मग फुप्फुसात जायचा बाण पोटात जातो.

डुकरं शोधायची कुठे आणि केव्हा?

पाण्याजवळ. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे उन्हाळ्यात ते पाणी आणि सावली सोडून लांब जात नाही. पश्चिम क्वीन्सलँडमध्ये वॉरेगो, पारू, बुलू, डायमँटिना यांसारख्या नद्या वर्षातला बराच काळ वाहत नाहीत. पात्रात ठिकठिकाणी डोह उरतात. त्या डोहांभोवती कूलिबाची झाडं, आणि पूरमैदानात लिग्नमच्या जाळ्या: माणसाच्या डोक्याएवढ्या उंच, तारेसारख्या काटक्यांच्या. दिवसा डुकरं तिथे आडवी पडलेली असतात.

मी जून ते ऑगस्ट निवडतो. हिवाळ्यात ती सकाळी उशिरापर्यंत चरतात आणि ढगाळ दिवशी तर भर दुपारीही दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशीपलीकडे जातो, डुकरं रात्रीच हिंडतात, आणि मारलेलं मांसही टिकत नाही. उत्तरेकडे, गल्फ (कार्पेंटारियाच्या आखाताचा भाग) आणि केप यॉर्कमध्ये, मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सोयीचा. बाकीच्या दिवसांत रस्तेच पाण्याखाली असतात.

खुणा वाचायला शिका. उकरलेली माती ओली आणि काळी असेल तर ताजी, वर करडी पापुद्री धरली असेल तर जुनी. डोहाच्या कडेला लोळण असते. तिथून बाहेर पडल्यावर डुक्कर जवळच्या झाडाला अंग घासतं. हा चिखलाचा पट्टा बोटाने दाबून बघा: बोटाला ओला लागला तर सावज जवळपास आहे. पट्ट्याची उंची गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत गेली असेल तर मोठा नर. त्यातच सालीवर तिरके ओरखडे दिसले तर त्याने तिथे सुळे घासलेत.

इतक्या जवळ जायचं तरी कसं?

वारा. बाकी सगळं नंतर. डुकराची नजर बेताची, कान चांगले, आणि नाक असं की एकदा तुमचा वास गेला की कळप गेलाच, मग तुम्ही कितीही निश्चल बसा. मी खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवतो आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवतो. सकाळी गार हवा उतारावरून नदीच्या पात्रात उतरते, ऊन तापलं की वर चढायला लागते, आणि दुपारी तर वारा कुठूनही फिरतो. अशा दुपारी मी जाळीत शिरत नाही. कळप एकदा बिथरला तर तो डोह काही दिवस ओसाड पडतो.

वारा तोंडावर असला की आवाजाकडे वळा. चरणारं डुक्कर स्वतःच प्रचंड आवाज करतं: मुळं तोडण्याचा कडकडाट, चिखलातून नाकाड ओढल्याचा चपचप आवाज, आपापसातली गुरगुर. त्या आवाजात पाऊल टाकायचं. आवाज थांबला की तुम्हीही थांबायचं, एक पाय हवेत असला तरी. डुक्कर मान वर करून कानोसा घेतं, कान पुढे येतात, शेपटी हलायची थांबते. शेपटी पुन्हा हलायला लागली की ते निर्धास्त झालं. मी शेवटच्या वीस मीटरांत डोळे शेपटीवरच ठेवतो.

कळप असेल तर काम दुप्पट कठीण. तुम्ही ज्याच्याकडे बघता ते डुक्कर चरत असतं, आणि बाजूच्या गवतातून एखादं पिल्लू तुमच्या पायाशी येऊन ठेपतं. शिवाय कांगारू आणि कोरेला पोपट आहेतच. एक कांगारू धपधप उड्या मारत पळाला तरी डुकरं सावध होतात. म्हणून आधी दुर्बिणीने सगळी जागा बघून घ्या. एकटा फिरणारा नर मला जास्त पसंत आहे.

बुटांचा तळ मऊ हवा. घासताना सळसळणारे कपडे नकोत. पाठीवरचा भाता चालताना खडखडतो, त्यापेक्षा धनुष्यालाच लावलेला भाता बरा. दोरीवर लोकरीचे गोंडे बांधले की सोडतानाचा टणत्कार मंदावतो.

बाण नेमका कुठे मारायचा?

डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बाहेरून वाटतात त्यापेक्षा बरीच पुढे आणि खाली असतात. हरणांची सवय असलेला शिकारी सरसकट मागे मारतो आणि बाण पोटात जातो. डुक्कर अगदी आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या कोपरामागची घडी बघा, आणि पोटाच्या रेषेपासून अंगाच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. पाय पुढे टाकलेला असेल तर उत्तम.

सर्वांत चांगली संधी म्हणजे डुक्कर तुमच्यापासून किंचित तिरकं, पाठमोरं होऊन चरत असताना. बाण बरगड्यांच्या मागून शिरतो आणि पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने जातो. यात मोठा फायदा असा की नराची ढाल टळते. मोठ्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली काही सेंटिमीटर जाड, चिवट थर असतो. नरांच्या आपसातल्या मारामाऱ्यांमध्ये सुळ्यांपासून तोच त्याला वाचवतो, आणि वयाबरोबर जाड होतो. वर वाळलेला चिखल. हलका बाण तिथे अडतो.

समोरून येणारं, तुमच्याकडे तिरकं तोंड केलेलं, चालतं, पळतं, गवताआड अर्धं लपलेलं, किंवा ज्याच्या मागे दुसरं डुक्कर उभं आहे असं: यांपैकी कशावरही बाण नाही. डोक्यावर तर कधीच नाही.

लेकुरवाळी डुकरीण समोर आली तर?

जमीनमालकाच्या दृष्टीने तीच पहिली जायला हवी, आणि हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण पिल्लं अंगावर पिणारी असतील तर आई गेल्यावर ती उपाशी मरतात. एका बाणात सगळ्यांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून मी सोडून देतो, आणि कळप कुठे पाहिला ते मालकाला सांगतो. तो सापळा लावतो. त्यात सगळी एकदम सापडतात. यावर माझ्याशी वाद घालणारे शिकारी आहेत. माझं मत बदललेलं नाही.

बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं का?

मुळीच नाही. डुक्कर उभं होतं ती जागा, ते जिथे दिसेनासं झालं ती जागा, दोन्ही लक्षात ठेवा आणि अर्धा तास बसा. मग बाण शोधा. त्यावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुसं. डुक्कर बहुधा शंभर मीटरांच्या आत पडलेलं असेल. गडद रक्त म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट घाण आणि आंबूस वास आला तर पोट. मग चार ते सहा तास थांबणं भाग आहे. घाई केली तर ते उठून लिग्नममध्ये शिरतं आणि पुन्हा सापडत नाही.

डुकराच्या रक्ताचा माग लबाड असतो. चरबी जखमेचं तोंड बुजवते आणि राठ केस रक्त शोषतात, त्यामुळे पहिल्या तीस-चाळीस मीटरांत थेंबही न दिसणं नेहमीचं. गवताच्या काड्यांवर गुडघ्याच्या उंचीला लागलेलं रक्त बघा, फक्त जमिनीवर नको. पडलेल्या डुकराकडे मागून जा आणि धनुष्याच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर दुसरा बाण ताबडतोब.

डुक्कर अंगावर येतं का?

बहुतेक डुकरं पळून जातात. जखमी, कोंडलेलं किंवा पिल्लांजवळचं डुक्कर मात्र मुसंडी मारतं. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासून धारदार राहतात आणि त्यांची उंची बरोबर माणसाच्या मांडीशी येते. तिथली मोठी रक्तवाहिनी फाटली तर वेळ फार थोडा असतो. टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) आणि दाबपट्टी कमरेला ठेवा, गाडीत नव्हे. जखमी नराच्या मागे जाळीत रांगत शिरू नका. आणि एकटे जाऊ नका.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक राज्याचा वेगळा. टास्मानियात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०२४ पासून बंदी घातली. क्वीन्सलँडमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरांची शिकार करता येते, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जंगलांत मनाई आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ठरावीक सरकारी जंगलांत जायचं तर आर-लायसन्स लागतं, त्यात धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि प्रत्येक वेळी लेखी परवानगी घ्यावी लागते. नियम बदलत राहतात. निघण्याआधी त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर बघाच.

प्राण्यांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचे कायदे सगळीकडे लागू आहेत, उपद्रवी प्राण्यालाही. क्वीन्सलँडच्या २०१४ च्या बायोसिक्युरिटी कायद्याने जिवंत रानडुक्कर हलवणं, सोडणं, खायला घालणं हे सगळं गुन्हा ठरवलं आहे.

जमीनमालक परवानगी देतो का?

देतो, पण विश्वास बसल्यावर. ही “स्टेशनं”, म्हणजे गुरामेंढ्यांची खासगी कुरणं, हजारो एकरांची असतात आणि मालकाला वाईट अनुभव आलेले असतात. मी आधी फोन करतो, मग कामाला हात लावायची तयारी दाखवतो: कुंपण दुरुस्ती, पंप बघणं. धनुष्य असल्याचा फायदा होतो, कारण गुरांजवळ गोळी चालत नाही. परवानगी लेखी घ्या. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. पाऊस पडला की काळ्या मातीच्या वाटेवर गाडी घालू नका. तिथे पडलेल्या चाकोऱ्या वर्षभर जात नाहीत. आणि १०८० विषाची आमिषं कुठे टाकली आहेत ते आवर्जून विचारा. तिथल्या डुकराचं मांस खायचं नाही.

मांस खाण्यालायक असतं का?

तरुण डुकराचं उत्तम. जुन्या नराच्या मांसाला उग्र वास येतो. मी फऱ्याच्या मांसाचं सुकं करतो, भाजलेलं खोबरं आणि भरपूर मिरी घालून, मंद आचेवर दोन-अडीच तास.

पण रोगांची काळजी गंभीरपणे घ्या. क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समधल्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस आहे. तो कापताना रक्तातून, हातावरच्या बारीकशा चिरेतूनही होतो: पुन्हा पुन्हा येणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. मांस गोठवून तो जंतू मरत नाही. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा, गाभण मादीचं पोट उघडू नका, मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सियसला शिजवा. लेप्टोस्पायरोसिस आणि क्यू फीव्हरही आहेत. क्यू फीव्हरची लस ऑस्ट्रेलियात मिळते, आधी तपासणी करून देतात. मी घेतली आहे आणि तुम्हीही घ्या. २०२२ मध्ये जपानी मेंदूज्वर इथल्या डुक्करपालन केंद्रांत आढळला, माणसांनाही झाला. म्हणून डासांपासून जपा. नंतर कधीही ताप आला तर डॉक्टरांना डुक्कर हाताळल्याचं सांगा.

आउटबॅकचे बाकीचे धोके?

तहान पहिली. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, वर राखीव. मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा नोंदणी केलेला पीएलबी (संकटात आपलं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र) अंगावर ठेवा. तपकिरी सापांसाठी दाबपट्टी बांधायला शिका. उत्तरेत पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर लांब राहा. खाऱ्या पाण्यातली मगर गोड्या डोहातही असते. जखमीला न्यायला बहुधा रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. १९२८ मध्ये क्लॉनकरीतून सुरू झालेली ही सेवा आजही या भागाचा आधार आहे, आणि स्टेशनवर तिची देणगीपेटी दिसली तर त्यात काहीतरी टाका.

काचतंतूचे थर असलेलं धनुष्य बंद गाडीत उन्हात ठेवू नका. डिंक सुटतो आणि थर उकलतात.

भारतातून येताना धनुष्य आणता येईल का?

साधं धनुष्य आणि बाण चेक-इन सामानात घालून आणता येतात, विमान कंपनीला आधी कळवा. क्रॉसबो आणू नका, त्याचे नियम फार कडक आहेत. पिसं, लाकूड, मातीने माखलेले बूट हे सगळं विमानतळावर जाहीर करा. परतताना डुकराचे सुळे भारतात नेऊ नका.

असंच महाराष्ट्रात का करू नये?

कारण तो गुन्हा आहे, आणि परिस्थितीही वेगळी आहे. रानडुक्कर आपल्या जंगलाचा मूळ रहिवासी. वाघ-बिबट्याचं ते भक्ष्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो. पिकांचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याच्या परवानगीनेच आणि त्या परवानगीच्या अटींतच काही करता येतं. एका रात्रीत नाचणीचं शेत उद्ध्वस्त झालेल्या कोकणातल्या शेतकऱ्याचा राग मला कळतो. भरपाईचे कागद फिरवण्यात त्याचा हंगाम जातो. पण त्यावर उपाय कुंपण, वेळेवर भरपाई आणि वनखात्याची कारवाई हाच. इथला लाँगबो तिथे घेऊन जायचा विचारही नको.

सुरुवात कशी करावी?

जवळच्या तिरंदाजी क्लबात जा. ऑस्ट्रेलियन बोहंटर्स असोसिएशनचे क्लब बऱ्याच गावांत आहेत, तिथे प्राण्यांच्या आकाराच्या लक्ष्यांवर सराव होतो आणि शिकारीचं प्रमाणपत्रही घेता येतं. ३५ पाउंडाच्या धनुष्याने सुरू करा. सहा महिने ते वर्षभर फक्त सराव. गुडघ्यावर बसून, उतारावरून, फांद्यांच्या फटीतून, शिकारीच्या कपड्यांत.

रोज सकाळी, अंग गरम न करता, एकच बाण सोडा आणि तो कुठे लागला ते वहीत लिहा. शिकारीत तोच बाण मिळतो, दुसरा सहसा नाही. १५ मीटरवर हे पहिले बाण सलग कित्येक आठवडे तळहाताएवढ्या जागेत पडू लागले की एखाद्या जाणत्या शिकाऱ्याबरोबर जा, आणि पहिल्या फेरीत धनुष्य गाडीत ठेवून नुसता माग काढा.